मॅकियाव्हेलीला आधुनिक ठरवण्याची घाई

राज्यशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत आणि परीक्षेच्या गाइडांत सोळाव्या शतकाच्या आरंभीचा फ्लॉरेन्सचा लेखक, ‘द प्रिन्स’ या राजाला सल्ला देणाऱ्या पुस्तकाचा कर्ता मॅकियाव्हेली याच्याविषयी दोन वाक्यं हमखास भेटतात. एक, ‘मॅकियाव्हेली हा पहिला आधुनिक राजकीय विचारवंत होय.’ दुसरं, ‘मॅकियाव्हेली हा आपल्या काळाचे अपत्य होता.’ दुसऱ्या वाक्याचा उगम अमेरिकी अभ्यासक विल्यम डनिंग यांच्याकडे जातो. पहिल्याचे धनी अनेक आहेत. विद्यार्थी दोन्ही वाक्यं पाठ करतात, एकाच उत्तरात लिहितात, आणि ती एकमेकांशी भांडतात हे सहसा कुणी त्यांच्या लक्षात आणून देत नाही. अभ्यासकांच्या जगात मात्र या भांडणावर शंभराहून अधिक वर्षं ग्रंथ लिहिले जात आहेत. हा वाद ग्रंथालयापुरता उरत नाही, कारण ‘आधुनिक’ हा शब्द आपण शिक्क्यासारखा वापरतो. फोडाफोडी, फसवणूक, दिलेला शब्द फिरवणं यांना एकदा ‘आधुनिक राजकारण’ म्हटलं, की त्याविरुद्ध बोलणारा आपोआप भाबडा ठरतो.

माझं म्हणणं आधीच मांडतो. मॅकियाव्हेलीची म्हणून जी आधुनिकता सांगितली जाते, म्हणजे राजकारणाला नीतीपासून सोडवणं, ती फारशी त्याची नाही आणि आधुनिक तर मुळीच नाही. ज्या एका विचारात तो खरोखर एकटा पडला होता, तो विचार मात्र या वादात कोपऱ्यात राहिला. सामान्य लोकांच्या असंतोषातून आणि गोंगाटातूनच स्वातंत्र्य टिकवणारे कायदे जन्माला येतात, हा तो विचार.

त्याला आधुनिक ठरवणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. 1860 मध्ये स्विस इतिहासकार याकोब बुर्कहार्टने इटलीतल्या प्रबोधनकाळावर लिहिताना राज्य ही माणसाने घडवलेली कलाकृती, अशी कल्पना मांडली आणि मॅकियाव्हेली त्या चित्रात सहज बसला. त्यानंतर दहाच वर्षांनी फ्रान्चेस्को दे सांक्तिस इटालियन साहित्याचा इतिहास लिहीत होते. मॅकियाव्हेलीवरचं प्रकरण चालू असताना इटलीचं सैन्य पोपच्या रोममध्ये शिरलं आणि शहरोशहरी घंटा वाजू लागल्या. दे सांक्तिस यांनी मजकूर मध्येच थांबवून तसं नमूद केलं: मी हे लिहितोय त्या क्षणी घंटा वाजत आहेत, मॅकियाव्हेलीचा जयजयकार असो! तो उल्लेख त्या ग्रंथात आजही तसाच छापला जातो. ‘द प्रिन्स’च्या शेवटच्या, 26व्या प्रकरणात परकीय फौजांपासून इटली सोडवण्याची हाक आहे. तिच्यात त्यांना आपल्या पिढीचं राष्ट्र दिसलं. विसाव्या शतकात जर्मन तत्त्वज्ञ एर्न्स्ट कासिररला मॅकियाव्हेलीत राजकारणाचा गॅलिलिओ दिसला. इटालियन तत्त्वज्ञ क्रोचेला राजकारणाच्या स्वायत्ततेचा शोध लावणारा दिसला. मुसोलिनीच्या तुरुंगात वह्या भरणाऱ्या मार्क्सवादी ग्राम्शीला त्याच्यात क्रांतिकारी पक्षाचं बीज दिसलं. प्रत्येक पिढीने आपली आधुनिकता बरोबर नेली आणि त्याच्या तोंडी घातली, असं मला ही यादी पाहताना वाटतं.

या बाजूचा सर्वांत ताकदवान वकील म्हणजे अमेरिकेत शिकवणारे जर्मन तत्त्वज्ञ लिओ स्ट्राउस. आधी त्यांनी आधुनिक राजकीय विचाराचा आरंभ सतराव्या शतकातल्या इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्सपाशी मानला होता. पुढे तो मान त्यांनी मॅकियाव्हेलीला दिला. 1958 च्या त्यांच्या ग्रंथात मॅकियाव्हेली दुष्टपणाची शिकवण देणारा आहे, हे जुनं मत ते निःसंकोच उचलून धरतात, आणि याच माणसाने प्राचीन तत्त्वज्ञानाची उंच ध्येयं जाणूनबुजून खाली उतरवून आधुनिकतेचा पाया घातला असं सांगतात. ते मॅकियाव्हेलीला इतकं बारकाईने वाचतात, की रोमन इतिहासकार लिव्हीवरच्या त्याच्या ‘डिस्कोर्सेस’ या भाष्यग्रंथाची प्रकरणं 142 आणि लिव्हीच्या इतिहासाचे खंडही 142, या जुळणीतही त्यांना हेतू दिसतो. मला हे वाचन पटत नाही, पण त्याचा आदर आहे. स्ट्राउस निदान मॅकियाव्हेलीला गंभीर शत्रू मानतात. त्याला ‘व्यवहारी सल्लागार’ म्हणून कॉर्पोरेट भाषणांत उद्धृत करणारे तेवढंही करत नाहीत.

दुसऱ्या बाजूला केंब्रिजचे इतिहासकार क्वेंटिन स्किनर. जुन्या लेखकात पुढच्या काळाच्या कल्पनांची ‘बीजं’ शोधू नका, तो कुणाला उत्तर देत होता ते पाहा, असा त्यांचा 1969 पासूनचा आग्रह. हे मॅकियाव्हेलीला लावलं की चित्र पालटतं. ‘द प्रिन्स’च्या 18व्या प्रकरणातले सिंह आणि कोल्हा सगळ्यांना ठाऊक आहेत. ते दोन्ही प्राणी सिसेरोच्या कर्तव्यावरच्या ग्रंथातून आले आहेत. सिसेरो म्हणतो, बळ हे सिंहाचं, कपट हे कोल्ह्याचं, दोन्ही माणसाला न शोभणारी, आणि कपट तर अधिकच तिरस्करणीय. मॅकियाव्हेली तेच प्राणी घेतो आणि राजाला दोघांचंही अनुकरण करायला सांगतो. त्याच्या काळच्या शिकलेल्या वाचकाला हा टोला कुणाला लागला ते लगेच कळलं असणार. म्हणजे ज्या प्रकरणावरून त्याला सर्वांत जास्त ‘आधुनिक’ म्हटलं जातं, ते दीड हजार वर्षांपूर्वीच्या रोमन लेखकाशी केलेलं भांडण आहे.

त्याचं घर, त्याची नोकरी आणि त्याची पत्रं पाहिली तर हे आणखी स्पष्ट होतं. वडील बेर्नार्दो कायदा शिकलेले, पण पैशाने बेताचे. त्यांनी एका मुद्रकासाठी लिव्हीच्या इतिहासातल्या स्थळनामांची सूची करून दिली आणि मोबदल्यात त्या ग्रंथाची प्रत मिळवली. त्या घरात निकोलो वाढला. 1498 ते 1512 तो फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा सचिव होता. फ्लॉरेन्सवर पूर्वी हुकमत असलेलं मेदिची घराणं परतल्यावर नोकरी गेली, कटाच्या संशयावरून तुरुंग झाला, हात मागे बांधून दोराने वर टांगण्याचा छळ सोसावा लागला. सुटल्यावर गावाकडच्या घरातून 10 डिसेंबर 1513 रोजी त्याने मित्र व्हेत्तोरीला पत्र लिहिलं. दिवसभर तो रानात, खाणावळीत, गावच्या माणसांबरोबर पत्ते कुटत असतो. संध्याकाळी चिखलाने भरलेले कपडे दारातच उतरवतो, दरबारी पोशाख चढवतो आणि प्राचीनांच्या सभेत जातो. चार तास त्यांना प्रश्न विचारतो, ते उत्तरं देतात, आणि त्या चार तासांत त्याला ना गरिबीचं भय वाटतं ना मरणाचं. ‘द प्रिन्स’ लिहिल्याची पहिली बातमी याच पत्रात आहे.

त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या एका पत्रात तो म्हणतो, मला रेशमाच्या किंवा लोकरीच्या धंद्यातलं कळत नाही, नफ्यातोट्यातलं कळत नाही, म्हणून मला राज्याविषयीच बोलावं लागतं. युरोपातल्या सर्वांत मोठ्या पेढ्या आणि लोकर-रेशमाचे कारखाने ज्या शहरात होते, तिथला हा माणूस बाजाराकडे पाठ फिरवून बसला होता. पैसा हे युद्धाचं बळ नव्हे, असं सिद्ध करायला त्याने ‘डिस्कोर्सेस’मध्ये एक स्वतंत्र प्रकरण खर्च केलं. तोफांनी लढाई बदलली हेही तो पुरतं मानायला तयार नव्हता. प्रगतीची कल्पना त्याच्याकडे नाही. जगातलं बरंवाईट एकूण तेवढंच असतं, फक्त एका देशातून दुसऱ्या देशात फिरत राहतं, अशी त्याची समजूत. राज्यव्यवस्थांचं चक्र त्याने प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियसकडून घेतलं. ज्याला आपण आधुनिकता म्हणतो त्यातून बाजार, प्रगती, तंत्र आणि व्यक्तीचे हक्क वजा केल्यावर उरतं तरी काय?

इथे अँथनी परेल यांचं काम महत्त्वाचं वाटतं. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातल्या या अभ्यासकाने पुढे गांधीजींच्या ‘हिंद स्वराज’ची साक्षेपी इंग्रजी आवृत्ती सिद्ध केली, म्हणजे आधुनिकतेचा प्रश्न त्यांनी दोन्ही टोकांनी हाताळला आहे. 1992 च्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की मॅकियाव्हेलीचं विश्व अजून ग्रहताऱ्यांचं आणि शरीरातल्या रसांचं विश्व आहे. शहरात दोन ‘रस’ असतात, बड्यांचा आणि लोकांचा, ही त्याची मूळ मांडणीच जुन्या वैद्यकातून आलेली. ‘डिस्कोर्सेस’च्या पहिल्या भागातल्या 56व्या प्रकरणात तो सांगतो, की मोठ्या घटनांआधी शकुन होतात, 1492 मध्ये लोरेन्त्सो मेदिची वारण्याआधी फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या शिखरावर वीज पडली होती. कारण मला माहीत नाही, असं म्हणून तो पुढे एक शक्यता नोंदवतो: हवेत काही चैतन्यं भरलेली असतील आणि माणसांची दया येऊन ती इशारा देत असतील. 1509 मध्ये पिसा फ्लॉरेन्सला शरण येत होतं तेव्हा एका परिचिताने त्याला पत्राने मुहूर्त कळवला होता, सैन्याने शहरात कोणत्या दिवशी आणि कोणत्या घटकेला शिरावं याचा. आलेल्या पत्रावरून घेणाऱ्याची श्रद्धा ठरत नाही, म्हणून त्यावर मी भार देणार नाही. पण वीज आणि चैतन्यं त्याच्या स्वतःच्या हातची आहेत, आणि परेल यांच्या मांडणीतला हा भाग मला निर्विवाद वाटतो.

याहून बोलकी गोष्ट त्याच्या नागरी सैन्याची. भाडोत्री फौजा सोडा, रोमसारखं आपल्या नागरिकांचं सैन्य उभारा, हा त्याचा ध्यास. 1506 मध्ये त्याने प्रजासत्ताकाकडून ते करवून घेतलं; खेड्याखेड्यांत फिरून भरतीसुद्धा केली. पिसा जिंकताना या सैन्याचा उपयोग झाला. पण ऑगस्ट 1512 मध्ये फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो शहराच्या तटावर स्पॅनिश पायदळ चालून आलं तेव्हा हे शेतकरी-शिपाई टिकले नाहीत. हजारो माणसं कापली गेली आणि त्यापाठोपाठ प्रजासत्ताकही संपलं. केवळ निरीक्षणावर भिस्त ठेवणारा माणूस इथे थबकला असता. मॅकियाव्हेलीने 1521 मध्ये युद्धकलेवर पुस्तक छापलं आणि त्यात पुन्हा नागरी सैन्याचीच बाजू घेतली. इंग्रज इतिहासकार हर्बर्ट बटरफील्ड यांनी 1940 मध्ये हेच म्हटलं होतं: त्याचे नियम डोळ्यांसमोरच्या घटनांतून निघत नाहीत, ते प्राचीनांकडून येतात. मॅकियाव्हेलीहून वयाने लहान असलेला फ्लॉरेन्सचाच इतिहासकार फ्रान्चेस्को ग्विच्चार्दिनी तर त्याच काळात लिहून गेला, की पावलोपावली रोमनांचे दाखले देणारे चुकतात. गाढवाने घोड्यासारखं धावावं असं म्हणण्यासारखंच ते आहे. दोघांत आजच्या अर्थाने आधुनिक कोण, असं विचारलं तर मी ग्विच्चार्दिनीकडे बोट दाखवीन.

आता नीती आणि राजकारणाच्या फारकतीकडे. ही फारकत म्हणजेच आधुनिकता असेल, तर कौटिल्याचं ‘अर्थशास्त्र’ कुठे ठेवायचं? मॅकियाव्हेलीच्या निदान हजार-बाराशे वर्षं आधीच्या या ग्रंथात तापसाच्या वेषातले हेर आहेत, अमात्यांची धर्म, अर्थ, काम आणि भय या चार कसोट्यांनी चोरून घेतलेली परीक्षा आहे, देवस्थानांचा वापर करून खजिना भरण्याच्या युक्त्या आहेत. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर 1919 मध्ये म्युनिकच्या विद्यार्थ्यांना म्हणाले, की या ग्रंथापुढे ‘द प्रिन्स’ निरुपद्रवी वाटतो. 1909 मध्ये म्हैसूरला शामशास्त्रींनी ‘अर्थशास्त्र’ छापलं आणि 1960 च्या दशकात मुंबई विद्यापीठासाठी प्रा. कंगले यांनी संहिता, भाषांतर आणि अभ्यास असे तीन भाग सिद्ध केले. मराठी वाचकाला हे साहित्य घरचं आहे. तरी आपण कौटिल्याला ‘भारताचा मॅकियाव्हेली’ म्हणतो आणि दर सत्तापालटानंतर पडद्याआडून आमदार हलवणाऱ्याला वर्तमानपत्रं ‘चाणक्य’ ही पदवी देतात. निष्ठुरपणा प्राचीन आहे, सगळीकडचा आहे. त्यावर कुणा एका शतकाचा हक्क लावता येत नाही, आणि त्याला काळाची गरज म्हणून उजळ माथ्याने मिरवू देण्याचं तर काहीच कारण नाही.

मग मॅकियाव्हेलीत नवीन काय? तो स्वतः ‘डिस्कोर्सेस’च्या सुरुवातीला म्हणतो, की मी आजवर कुणी न तुडवलेल्या वाटेने निघालो आहे, अज्ञात समुद्र आणि भूमी शोधण्याइतकंच ते धोक्याचं आहे. स्ट्राउसपंथीय हे वाक्य वारंवार पुढे करतात, आणि ते टाळून चालणार नाही. पण पुढच्याच परिच्छेदात ती वाट कोणती हे तो सांगतो. लोक जुन्या पुतळ्याचा एखादा तुकडा भरमसाट पैसे देऊन विकत घेतात, वकील जुन्या न्यायपंडितांचे निवाडे धरून चालतात, वैद्य जुन्या वैद्यांच्या अनुभवावर. राज्य चालवताना मात्र प्राचीनांकडे कुणी वळत नाही. त्याची नवी वाट मागे जाणारी आहे.

मात्र मागे जाऊन तो प्राचीनांपुढे मान तुकवत नाही. रोमचा इतिहास सांगणारे बहुतेक सगळे एका गोष्टीवर सहमत होते: सामान्य लोक आणि सिनेट, म्हणजे बड्यांची सभा, यांच्या सततच्या झगड्यांनी रोमचं नुकसान केलं. मॅकियाव्हेली ‘डिस्कोर्सेस’च्या पहिल्या भागाच्या चौथ्या प्रकरणात उभा राहून सांगतो, की हेच झगडे रोमच्या स्वातंत्र्याचं मूळ होते. लोक सिनेटविरुद्ध ओरडत आहेत, सिनेट लोकांविरुद्ध, माणसं रस्त्यांतून धावत आहेत, दुकानं बंद होत आहेत, सगळी प्रजा शहर सोडून बाहेर पडते आहे; या गोष्टी वाचणाऱ्याला घाबरवतात, असं तो म्हणतो. मग तो हिशेब मांडतो. टार्क्विन राजे गेल्यापासून ग्राकस बंधूंपर्यंत तीनशेहून अधिक वर्षांत या गोंधळांमुळे आठ-दहा जणांपलीकडे कुणाला हद्दपार केलं गेलं नाही, रक्त क्वचितच सांडलं. उलट लोकांचे ट्रिब्यून, म्हणजे सामान्यांची बाजू राखणारे अधिकारी, याच झगड्यांतून मिळाले. चांगले कायदे ज्या गोंधळातून आले त्यालाच लोक नावं ठेवतात, ही त्याची तक्रार.

ग्विच्चार्दिनीला हे मुळीच पटलं नाही. औषध गुणकारी ठरलं म्हणून रोग्याच्या रोगाची स्तुती करावी, तसं हे आहे, असं त्याने उत्तर दिलं. हे उत्तर चांगलं आहे. पाचशे वर्षांनंतरही सत्तेतला प्रत्येक समंजस माणूस तेच देतो. पण मॅकियाव्हेलीचा युक्तिवाद त्याने मोडत नाही. पुढच्या प्रकरणात तो विचारतो, स्वातंत्र्याची राखण कुणाच्या हाती द्यावी? ज्यांच्याकडे आहे त्यांच्या की ज्यांच्याकडे नाही त्यांच्या? बड्यांना हुकमत गाजवायची असते, लोकांना फक्त आपल्यावर हुकमत नको असते, आणि ज्यांच्याकडे आहे ते अधिक मिळवल्याशिवाय आहे ते सुरक्षित मानत नाहीत. म्हणून राखण लोकांच्या हाती. 58व्या प्रकरणात तो लिव्हीचं नाव घेऊन आणि इतर सर्व इतिहासकारांविरुद्ध जाऊन म्हणतो, की जमाव राजापेक्षा शहाणा आणि स्थिर असतो. चार तास ज्यांच्या सभेत बसायचं, त्यांच्याशी त्याने असा उघड वाद घातला.

हा धागा त्याने मेदिचींच्या पैशाने लिहिलेल्या पुस्तकातही सोडला नाही. फ्लॉरेन्सचा इतिहास त्याने 1525 मध्ये मेदिची पोप सातवा क्लेमेंट याला सादर केला. त्यात 1378 च्या लोकरकामगारांच्या बंडाचं वर्णन आहे. तो एका निनावी कामगाराच्या तोंडी भाषण घालतो: आपल्या सगळ्यांचे कपडे उतरवा, सारखेच दिसू, त्यांचे कपडे आपण घालू, आपले त्यांना घालू, मग आपण कुलीन दिसू आणि ते हलके. मॅकियाव्हेली त्या बंडाचा पुरस्कर्ता नाही. तरी त्या पुस्तकातलं हे सर्वांत जिवंत भाषण त्याने एका नाव नसलेल्या माणसाला दिलं.

यात मला एक अडचण आहे. ज्या रोमचं तो कौतुक करतो, ते साम्राज्य पसरवणारं रोम आहे. लोकांना शस्त्रं द्यायची तर त्यांचा गोंगाट सोसावा लागतो, हाही त्याचा हिशेब आहे. रोमचा संस्थापक रोम्युलस याने भावाला मारलं तेही तो राज्यस्थापनेसाठी क्षम्य ठरवतो. अमेरिकी अभ्यासक जॉन मॅकॉर्मिक यांनी 2011 मध्ये त्याला लोकशाहीवादी म्हणून उभं केलं, तेव्हा ही बाजू मला जरा हलक्या हाताने हाताळल्यासारखी वाटली. पण मॅकॉर्मिक यांनी ज्या मसुद्याकडे लक्ष वेधलं, तो मात्र पाहण्याजोगा आहे. 1520 च्या सुमाराला मेदिचींनी फ्लॉरेन्सच्या कारभाराविषयी त्याचं मत मागितलं. सात वर्षांपूर्वी याच घराण्याच्या राजवटीत त्याला दोरावर टांगलं होतं. त्याने लिहून दिलं, की वरच्या घराण्यांना मानाच्या जागा द्या, पण त्यांच्या बैठकीत नागरिकांमधून चिठ्ठीने निवडलेले काही जण आळीपाळीने बसू द्या. त्यांच्याशिवाय निर्णय होता कामा नये, आणि एखादा निर्णय पटला नाही तर तो अडवून मोठ्या सभेपुढे नेण्याचा अधिकार त्यांना हवा.

ती योजना कुणी अमलात आणली नाही. राजाच्या कोल्हेपणावर पाचशे वर्षं वाद घालणाऱ्यांनी या चार ओळींवर त्याच्या दशांशानेही वाद घातलेला नाही. विद्यापीठांच्या परीक्षांत ‘मॅकियाव्हेली आधुनिक होता काय?’ हा प्रश्न अजून किती वर्षं यायचा ते येवो. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न मला हवा आहे: बंद खोलीत निर्णय घेणाऱ्यांच्या शेजारी, चिठ्ठीने आलेला आणि ‘थांबा’ म्हणण्याचा कायदेशीर अधिकार असलेला साधा नागरिक बसवायला आपल्या नगरपालिका, आपल्या जिल्हा परिषदा, आपले पक्ष तयार आहेत का, आणि नसतील तर कोणत्या कारणाने?